जयपूरचं आजारपण, भोपाळचं आजारपण

साल विचाराल तर विनया गुल्हाने गोंधळते. गाव विचारा, चटकन सांगेल. बदलीच्या नोकरीतल्या घरांची हीच तऱ्हा. तिच्याकडचा फ्रिज रांचीचा, पडदे जयपूरचे, नवऱ्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन भोपाळचं. भिंतीवरचं कॅलेंडर नुसतं गॅसचं सिलिंडर कधी लावलं ते लिहायला. लेकीची, रेवाची, आजारपणंही अशीच गावांच्या नावाने ओळखली जायची. पहिलं जयपूरचं, दुसरं भोपाळचं, तिसरं चंदीगडचं. नातेवाईक फोनवर विचारत, "भोपाळसारखं तर नाही ना झालं?" विनया म्हणायची, "नाही बाप्पा, तेवढं नाही." इतकी वर्षं हे बोलणं चाललं होतं, पण आपण काय बोलतोय ते कुणाच्या म्हणजे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

रेवा तेवीस वर्षांची. ऑटिझम आहे हे लहानपणीच कळलं होतं. मंडळी मूळची अमरावतीची, पण रेवाला मराठी नुसतं समजतं. उत्तर हिंदीत, तेही मनात असलं तर. सेक्टर चौतीसमधल्या एका कोचिंग क्लासमध्ये ती सकाळी जाते आणि मुलांच्या उत्तरपत्रिका रोल नंबरप्रमाणे लावून ठेवते. पहिल्या दिवशी तिथल्या मॅडम तिच्याशी मोठमोठ्याने बोलत होत्या, जणू पोरीला ऐकूच येत नाही. आता त्याच मॅडम तिच्या टेबलावर कुणाला पाण्याची बाटली ठेवू देत नाहीत. चंदीगड रेवाला मानवलं होतं. रस्ते सरळ, चौक एकासारखे एक, आणि सेक्टरांना नावांऐवजी नंबर. रविवारी मायलेकी पिंजौरच्या बसमध्ये बसायच्या, तिथे उतरून चहा प्यायच्या आणि परत यायच्या. रेवाचा चहा कोरा. दुधाला ती शिवायची नाही. रांचीला होती तोवर पेलाभर दूध गटागटा प्यायची. जयपूरला आली आणि बंद झालं. तेही सगळ्यांनी आजारातच धरलं.

आजार हा शब्द विनयाला नकोसा होता असं समजू नका. तिला तो हवाच होता. शेजारीण कधी डोक्याजवळ बोट फिरवून काही सुचवू लागली की विनया तिचं तोंड दोन वाक्यांत बंद करायची. ती जात्याच फटकळ. पण आजार म्हटलं की तिच्या जिवाला बरं वाटायचं. आजार म्हणजे औषध आलं, पथ्य आलं आणि आज ना उद्या बरं होणंही आलं. देवापुढे हात जोडायला निदान काहीतरी मागणं राहायचं.

यंदा होळीनंतर नवऱ्याची, नंदकुमारची, बदली आली, नागपूरला. रिटायरमेंटच्या आधीची शेवटची, त्याने मागून घेतलेली. घरात आनंदच व्हायला हवा होता. पण रात्रीची भांडी आवरताना नंदकुमार खाली बघत म्हणाला, "या वेळी भोपाळसारखं झालं तर आपल्याच्याने होणार नाही, विनया. मला आता तिला धरून ठेवणं जमत नाही. नागपूरजवळ अशा मुलांना कायमचं ठेवून घेणारी एक संस्था आहे. दादाने चौकशी केलीय. तिथेच ठेवू."

भोपाळला रेवाने खिडकीची काच हाताने फोडली होती, आणि मग कित्येक आठवडे ती पलंगाखाली झोपली होती. ते विनया विसरली नव्हती. संस्थेला ती नाही म्हणाली नाही, आणि नाही म्हणाली नाही याचंच तिला रात्रभर रडू येत राहिलं.

बदलीची या घराची एक रीत होती. रेवाला आधी सांगायचं नाही. उगाच जिवाला लावून घेईल, म्हणून. सामानसुद्धा ती बाहेर गेली की बांधायचं. ट्रकच्या दिवशी सकाळी नंदकुमार तिच्या दुधात झोपेची गोळी घालायचा, दूध सुटल्यापासून सरबतात, आणि रेवाला जाग यायची ती नव्या गावाच्या वाटेवर. कुणाला वाईट वाटावं असं यात काही आहे हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. मायेनेच करत होते बिचारे.

तर ती गोळी लिहून घ्यायला विनया डॉक्टर सुहासिनीबाईंकडे गेली. बाई इथल्या मोठ्या इस्पितळात मनोविकारांच्या डॉक्टर, मूळच्या साताऱ्याच्या, मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला ओळख झालेली. विनयाने गोळी कशाला हवी ते सांगितलं, पण त्यांनी गोळीचं नावही काढलं नाही. म्हणाल्या, "आधी मला तिची आजारपणं सांगा."

"पहिलं जयपूरचं," विनया म्हणाली. "शाळेत जाईना, हात चावायची. मग भोपाळचं, ते फार मोठं. मग इथलं, चंदीगडचं."

"आणि मधल्या काळात?"

"मधे बरी असते. गावात रुळली की काही नाही."

"जयपूरचं केव्हा सुरू झालं?"

"गेल्या गेल्याच. सामान पण सोडलं नव्हतं."

"भोपाळचं?"

विनया आठवू लागली. भोपाळचंही गेल्या गेल्याच. चंदीगडलाही खोकी हॉलमध्येच होती. वर्षानुवर्षं तीच वाक्यं तिने शंभर जणांना ऐकवली होती, पण स्वतः आज पहिल्यांदा ऐकली.

"वहिनी, ऑटिझम हा मानसिक आजार नाही," सुहासिनीबाई म्हणाल्या. "ती जन्मापासूनची घडण आहे मेंदूची. ती भोपाळला वाढत नाही नि चंदीगडला कमी होत नाही. रेवा झोपते एका घरात आणि उठते तेव्हा घरच नसतं. तुम्हीआम्हीही काचा फोडल्या असत्या. या धक्क्यांनी तिला जी भीती बसलीय त्यावर उपचार आहेत, लागलं तर औषधही देईन. पण पोर मुळातच आजारी आहे असं धरून नका चालू."

"म्हणजे बरी होणारच नाही, असंच ना?" विनयाचा आवाज चढला.

"बरं व्हायला आधी आजारी असावं लागतं."

"तुम्हाला काय जातं बोलायला," असं म्हणून विनया उठली ती सरळ बाहेर. रिक्षात तिने सुहासिनीबाईंना मनातल्या मनात चांगली लाखोली वाहिली. एवढं शिकून हेच सांगायचं होतं? पण सेक्टरचा चौक आला तसा राग ओसरला. बाई खरं बोलत होती. आणि खरं असेल तर पोरीला गावोगावी आजारी कुणी पाडलं, हे निराळं सांगायला नको होतं.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं, "रेवाला आत्ताच सांगायचं. ट्रकला अजून अवकाश आहे."

"डोकं फिरलंय का तुझं?" नंदकुमार म्हणाला. "महिनाभर छळ होईल तिचा."

"अहो, आजवर काय सुख दिलं आपण?"

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला विनयाने सांगितलं. सरळ, साध्या शब्दांत. मे महिन्यात नागपूरला जायचं, हे घर सोडायचं, तिथे दुसरं घर आहे. रेवाने पोळी खाली ठेवली, कानांवर हात घट्ट दाबले आणि ओरडत राहिली. मग स्वतःच्या खोलीत जाऊन कपाटाला पाठ लावून बसली. कोचिंग नाही, जेवण नाही, मनगटावर दातांचे वळ. नंदकुमारने काही टोमणा मारला नाही, नुसतं एकदा विनयाकडे पाहिलं, ते टोमण्याहून जास्त लागलं. तिसऱ्या दिवशी विनयाही खचली. आपणच पोरीला संस्थेच्या दारात नेऊन सोडलं, असं तिला वाटायला लागलं. ती खोलीत जाऊन रेवापासून जरा अंतरावर जमिनीवरच बसली. जवळ गेलेलं रेवाला चालत नाही.

बऱ्याच वेळाने रेवा भिंतीकडे बघत म्हणाली, "गोली किसमें दोगे?"

विनयाला वाटलं आपल्याला भास झाला.

"शरबत में? या चाय में? पहले दूध में थी," रेवा म्हणाली. आवाजात राग नव्हता. बस केव्हाची आहे ते विचारावं, तसं तिने विचारलं होतं.

म्हणजे पोरीला पहिल्यापासून ठाऊक होतं. दूध तिने उगाच नव्हतं टाकलं. विनयाला हुंदका आवरेना. ती एवढंच म्हणू शकली, "कशातच नाही, रेवा. या वेळी जागी राहूनच जायचं."

"पक्का?"

"पक्का."

त्यानंतर प्रश्नांची जी सरबत्ती सुरू झाली ती महिनाभर थांबली नाही. तिथे पंखा कसा आहे, खिडकी कुठल्या बाजूला, दाराची कडी वर आहे की खाली. नंदकुमारचा भाऊ त्या नव्या क्वार्टरमध्ये जाऊन फोटो काढून काढून वैतागला. मध्ये दोनदा पुन्हा कानांवर हात गेले, मनगट चावून झालं, एकदा तर कपाटाचं दार निखळलं. फुलाफुलांची वाट नव्हतीच ती. पण रेवा पलंगाखाली गेली नाही. आपलं सामान तिने स्वतः बांधलं, आणि पलंग सगळ्यांत शेवटी ट्रकमध्ये चढवायचा आणि सगळ्यांत आधी उतरवायचा, हे सर्वांकडून कबूल करून घेतलं.

ट्रकच्या दिवशी सकाळी हमाल कपाट उचलत होते. नंदकुमारच्या शर्टाच्या खिशात गोळ्यांची जुनी पट्टी होती. विनयाला ठाऊक होतं. तिने काढायला लावली नव्हती. तिचा तरी कुठे पुरता विश्वास होता!

तेवढ्यात रेवा स्वयंपाकघरात शिरली. तिने दुधाची पिशवी स्वतः कापली, पातेल्यात ओतली, तापेपर्यंत तिथेच उभी राहिली. मग दोन पेले भरले आणि दोन्ही घेऊन बाहेर आली. हमाल बाजूला झाले. तिने एक पेला बापापुढे धरला.

"पहले आप," ती म्हणाली.

नंदकुमारला समजायला क्षणभर लागला. समजलं तेव्हा चेहरा असा उतरला की विनयाला त्याची दया आली. त्याने आधी खिशातली पट्टी काढून विनयाच्या हातात दिली. मग पेला घेतला आणि तिथेच, मोकळ्या झालेल्या हॉलमध्ये उभ्या उभ्या सगळं दूध संपवलं. डोळे पाणावले होते ते त्याने पुसलेही नाहीत.

रेवा त्याच्या तोंडाकडे बघत थांबली, चांगली थांबली. मग तिने आपला पेला तोंडाला लावला.