सुरतची साडी, शहाद्याची गोळी

माझी मावसबहीण भारती मागच्या महिन्यात, एका रविवारी दुपारी, नंदुरबारच्या एका खासगी रुग्णालयात शस्त्रक्रिया चालू असताना वारली. वय चौतीस. गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत वाढला, नळी फुटली आणि पोटात रक्तस्राव झाला. गावात ‘पोटातली गाठ फुटली’ असं सांगितलं गेलं. हा मजकूर तिच्या नवऱ्याने वाचला आहे. त्याच्या सांगण्यावरून नावं तेवढी बदलली आहेत.

भारती लोणखेड्यातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात कामाला होती. पुस्तक उशिरा परत करणाऱ्या प्राध्यापकांना ती विद्यार्थ्यांच्या रांगेतच उभं करायची. मला ‘पेपरवाली’ म्हणायची आणि मी घरी गेले की आधी माझ्या बातम्यांमधल्या चुका काढायची. सहा वर्षांपूर्वी तिला मुलगी झाली. काही आठवड्यांत तिची झोप गेली. मग ती बाळाला जवळ घेईना. हे आपलं नाही, बदललेलं आहे, म्हणू लागली. त्या दिवसांत एकदा मी भेटायला गेले. तिने मला ओळखलं, बसायला सांगितलं आणि दाराला आतून कडी लावायला लावली. बाहेरची माणसं आत येतील, म्हणाली... बाहेर कोणी नव्हतं. ती बरी झाली, पण त्यातलं बरंचसं तिला आठवत राहिलं. मरणाची भीती तिने कधी बोलून दाखवली नाही. तिला एकच भीती होती, ते परत होईल. दुसरं बाळंतपण म्हणजे ते परत, असं तिने मनात पक्कं केलं होतं, आणि डॉक्टरांनीही ती शक्यता नाकारली नव्हती.

मानसोपचार सुरतेत चालू होते, कारण शहाद्यात किंवा नंदुरबारला दवाखान्याबाहेर कोणी ओळखीचं दिसलं असतं. ती आणि तिचा नवरा प्रवीण नवापूरमार्गे गाडीने जात. घरी सांगायचं कारण साडीखरेदी, त्यामुळे प्रत्येक खेपेला साडी आणणं भाग होतं. थोरल्या जाऊ उषाबाई टोमणा मारत, “अर्धं सुरत इन्हा कपाटमा शे.” भारती हसून म्हणे, “तुमले बी लई येसू, ताई.” आणि पुढच्या वेळी खरोखरच आणायची. सुरतच्या गोळ्या पाकिटातून काढून ती कॅल्शियमच्या डबीत भरून ठेवी.

गर्भनिरोधक गोळी शहाद्याची होती. तिथे सोबत उषाबाई असत. आणखी काही औषधं चालू आहेत का, असं तिथल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, तेव्हा उषाबाई शेजारच्याच खुर्चीत होत्या. भारती ‘नाही’ म्हणाली. सुरतेत बोलायचं काम प्रवीणचं. मूल नको असेल तर काय करता, असं डॉक्टरांनी विचारल्यावर तो ‘काळजी घेतो’ एवढंच म्हणाला. गोळीचा विषय पुरुष डॉक्टरपुढे निघाला नाही.

गेल्या वर्षी सुरतच्या डॉक्टरांनी औषध बदलून कार्बामाझेपिन सुरू केलं. मनाचे चढउतार आवरण्यासाठी ते देतात, फिट्ससाठीही देतात. या औषधामुळे यकृत शरीरातली संप्रेरकं लवकर मोडतं आणि गर्भनिरोधक गोळी अपुरी पडते. मनाच्या सगळ्याच औषधांनी असं होत नाही. काहींच्या बाबतीत उलट घडतं, गोळीमुळे औषध कमी पडतं. यातलं काहीही आपल्या मनाने अचानक बंद करणंही धोक्याचं असतं. दोन्ही औषधं समोर आली असती तर दुसरा मार्ग देता आला असता, असं नंतर दोन्ही डॉक्टरांनी प्रवीणला सांगितलं.

त्या रविवारच्या आधीच्या आठवड्यात तिचा मला फोन आला. पाळी लांबली होती. तपासणीची पट्टी तिने आणली होती, पण वापरली नव्हती. आजच्या आज तपास, असं मी सांगितलं. ती म्हणाली, “रोज लेस ना मी. एक बी गोयी सोडी नही. मंग कसं काय व्हई?” तिने तपासलं नाही. सोमवारी बघू, असं प्रवीणला म्हणाली.

रविवारी सकाळी पोटात उजवीकडे कळ आली. घरात सगळ्यांनी गॅस समजला, तिने ओव्याचं पाणी घेतलं. मग अंगणात चक्कर येऊन पडली. शहाद्याला नेल्यावर तपासणी झाली. डॉक्टरबाईंनी दिवस गेल्याचं आणि पोटात रक्त साचल्याचं सांगितलं आणि तातडीने नंदुरबारला पाठवलं. गाडी प्रवीण चालवत होता, भारती मागे उषाबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून. उषाबाई सांगतात, रक्ताबद्दल तिने एकदाही विचारलं नाही. प्रकाशा गावाजवळचा नदीवरचा पूल आला तेव्हा तिने त्यांचा हात धरला आणि सगळं सांगायला लागली. सुरत, साड्या, डबी.

“मी परत येडी हुई जासू, ताई,” ती म्हणाली.

उषाबाई म्हणाल्या, “माले माहीत शे. पहिलेपासून माहीत शे. तू लाजशी म्हनीसन बोलनू नही.”

प्रवीणने आरशातून मागे पाहिलं. रुग्णालयात पोहोचल्यावर दोन्ही औषधांची नावं उषाबाईंनी प्रवीणकडून विचारून घेतली आणि दारातच डॉक्टरांना मोठ्याने सांगितली. मागून आलेले दीर, पुतणे, गावचे दोघं, सगळे तिथेच उभे होते.

आत काय झालं ते शस्त्रक्रियागृहातल्या परिचारिकेने सांगितलं. भारती शुद्धीत होती. तिला टेबलावर घेतलं तेव्हा तिने परिचारिकेला जवळ बोलावलं आणि विचारलं, “शुद्धीवर येसू तवय मी मीच ऱ्हासू ना?”

परिचारिका हो म्हणाली. त्यानंतर भूल देण्यात आली.