चारकोपहून टाकलेला नांगर

जयवंत पेडणेकर चारकोपला आपल्या घरी पलंगावर पालथे पडले होते, आणि ग्रीसमधल्या एका बेटाशी आज रात्री बोट कुठे थांबवायची हे ठरवत होते. कपाळ गुंडाळलेल्या उशीवर टेकलेलं, चेहरा पलंगाच्या कडेबाहेर, खाली पाटावर टॅबलेट. खोलीत येणाऱ्याला त्यांची फक्त टाळू दिसायची. चहासुद्धा ते स्ट्रॉने पीत होते.

याला कारण उजवा डोळा. पेडणेकरांची सगळी नोकरी चारकोपच्याच औद्योगिक वसाहतीत पंप दुरुस्त करण्यात गेली. रविवार मात्र वर्सोव्याचा. तिथल्या श्यामकांतची एक जुनी होडी होती आणि तिच्यावर पेडणेकरांचा श्यामकांतपेक्षा जास्त जीव. मासळीत त्यांना रस नव्हता. खाडीत पाणी कुठे गप्प असतं, कुठे तळाशी नांगर धरतो, मढच्या फेरीची लाट कुठपर्यंत येऊन धक्का देते, हे बघण्यात त्यांचा दिवस जायचा. हे वेड लेकीला, जान्हवीला, पुरतं ठाऊक होतं. जावई केयूर शीड हाकायला शिकून परवाना घेऊन बसला, तेव्हा तिने बेत केला: ग्रीसच्या बेटांत आठवडाभर शिडाची बोट भाड्याने घ्यायची आणि आईबाबांना न्यायचं.

तिकिटं झाली, व्हिसा झाला. निघायला पाच दिवस राहिले असताना पेडणेकरांच्या डोळ्यावर एका कोपऱ्यातून सावट उतरायला लागलं. अंधेरीच्या डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन केलं, सुटलेला पडदा जागी बसावा म्हणून डोळ्यात वायू भरला आणि दोन गोष्टी सांगितल्या. काही दिवस पालथं पडून राहायचं. आणि तो वायू विरेपर्यंत विमानात पाऊल टाकायचं नाही.

"मग मी पण नाही जात," त्यांची बायको शेवंती म्हणाली. त्यात त्याग थोडा आणि सुटका जास्त होती.

शेवंती दहिसरची. लग्न नवं होतं तेव्हा पेडणेकर तिला हौसेने श्यामकांतच्या होडीतून मावळता सूर्य दाखवायला घेऊन गेले होते. परत येताना वारा फिरला. शेवंतीच्या पोटात होतं नव्हतं ते सगळं समुद्राला गेलं, आणि त्या दिवसापासून तिने होडीला पाय लावला नाही. वर्सोव्याहून मढला जायचं तरी समोर दिसणारी फेरी सोडून ती मालाडवरून वळसा घालून रिक्षाने जायची. पेडणेकरांचे इतक्या वर्षांचे रविवार कसे होते, ते तिने कधी पाहिलंच नव्हतं. घरी आल्यावर कपडे धुवायला टाका, वास येतोय, इतकाच तिचा समुद्राशी संबंध.

"तू जा," पेडणेकर उशीत तोंड खुपसून म्हणाले. "एकदा बघून ये. मग मी कधी आग्रह करणार नाही."

मग शेवंतीने अट घातली.

"रात्री बोट कुठे थांबवायची ते तुम्ही सांगायचं. केयूर पोरगा चांगला आहे, पण परवाच त्याने गाडी लावताना खांबाला घासली. आणि ऐका. एक रात्र जरी मला ढवळलं ना, तर सकाळी मी उतरणार. मग या घरात होडी हा विषय बंद."

"कबूल."

"मान हलवू नका, डॉक्टरांनी काय सांगितलंय!"

अशा रीतीने शेवंती ग्रीसला गेली आणि दहिसरहून पेडणेकरांची थोरली बहीण वनमाला भावाचं बघायला चारकोपला आली. वनमालाताईंचं निम्मं आयुष्य मुंबईत गेलं तरी चिडल्या की बोली वेंगुर्ल्याचीच.

"डोळ्यात वारो भरून घेतलंस," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "आता डोक्यात काय भरतंस?"

पेडणेकर नकाशा भरत होते. मेगानिसी नावाच्या बेटाचा उत्तर किनारा त्यांना फारच आवडला. हाताची बोटं पसरावीत तशा तिथे चिंचोळ्या खाड्या आत शिरलेल्या. दुपारी वायव्येचा वारा सुटतो आणि सूर्य कलला की पडतो, हे त्यांनी वाचून ठेवलं होतं. मग कुठल्या खाडीला त्या बाजूला डोंगर आहे ते बघायचं. तळाला वाळू आहे की गवत ते बघायचं, कारण गवतावरून नांगर घसरतो. फेऱ्यांच्या वेळा बघायच्या, कारण लाट मढची असो नाहीतर ग्रीसची, शेवंतीच्या पोटाला दोन्ही सारख्याच. एक खाडी सगळ्याच बाबतींत उत्तम निघाली, पण फोटोत किनाऱ्यावर रंगीत दिव्यांची माळ दिसली.

"इथे नाच-गाणी असणार," पेडणेकर म्हणाले. "रद्द."

"नाचूंदे की जरा तिका," वनमालाताई म्हणाल्या.

पहिल्या रात्रीनंतर फोन आला तेव्हा पेडणेकरांनी श्वास रोखून विचारलं, "कशी झोप लागली?"

"लागली," शेवंती म्हणाली. "डोंगरावर शेळ्या आहेत. त्यांच्या गळ्यात घंटा आहेत. बाकी आवाज नाही."

दुसरी रात्रही निभावली. तिसरीही. केयूर आता सकाळीच विचारू लागला, "बाबा, आज कुठे?" पेडणेकरांच्या आवाजात एक रुबाब आला. "आज पूर्वेच्या खाडीत जा. आत शिरल्यावर उजवीकडे राहा. झाडाला मागून एक दोरी बांधा, म्हणजे बोट फिरणार नाही." वर्सोव्याचा श्यामकांत भेटायला आला, तर त्यालाही पाटाशेजारी जमिनीवर बसवून त्यांनी सगळी बेटं दाखवली. श्यामकांत म्हणाला, "झकास रे! पण तुझं तोंड बघायला मला आडवंच पडायला लागतंय." आणि तो खरोखर आडवा पडून चहा प्यायला.

चौथ्या दिवशी संध्याकाळी केयूरचा फोन आला. बोटीच्या बुडाखालून खडखड येत होती आणि इंजिन लावलं की सगळी बोट थरथरत होती.

"पंख्यात काहीतरी अडकलंय, बाबा. बोटवाल्या कंपनीने सांगितलंय, शेजारच्या खाडीत बोटी दुरुस्तीचं यार्ड आहे, तिथे जा. ते बोट वर उचलून बघतील."

"यार्ड कशाला?" पेडणेकर म्हणाले. "उद्या पौर्णिमा आहे."

"म्हणजे?"

पेडणेकरांना हसू आलं. जावई शिकलेला खरा, पण भांडुपचा. त्यांनी सावकाश समजावलं. पौर्णिमेला उधाणाची भरती येते. भरतीला बोट धक्क्याच्या भिंतीला चिकटवून घट्ट बांधायची. ओहोटी लागली की पाणी उतरतं, बोट तळाला टेकते, बूड उघडं पडतं. खाली उतरायचं, काय अडकलंय ते काढायचं, आणि पुढच्या भरतीला निघायचं. वर्सोव्याला बुडं खरवडतात, रंगवतात ती अशीच.

"दीड पुरुष पाणी उतरेल," ते म्हणाले. "यार्डवाल्याचं तोंड पाहायला नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट एका जुन्या दगडी धक्क्याला बांधली गेली. पेडणेकरांनी व्हिडिओवरून दोऱ्या तपासल्या आणि समाधानाने नाश्ता केला. मग फोन लावला.

"किती उतरलं?"

"तेवढंच आहे, बाबा," जान्हवी म्हणाली.

"अजून भरती असेल. थांबा."

जेवण झाल्यावर त्यांनी पुन्हा लावला. आता शेवंतीने घेतला.

"अहो, मी पायरीवर बसलेय. सकाळी तिसरी पायरी ओली होती. आता पण तिसरीच ओली आहे."

"नीट बघ. शेवाळं बघ, शेवाळं."

"शेवाळं पण आहे तिथेच आहे. ते कुठे जाणार?"

"म्हायेराक," वनमालाताई मागून म्हणाल्या.

"ताई, गप ना जरा! शेवंती, घड्याळ बरोबर आहे ना तुमचं?"

"घड्याळ बरोबर आहे. पाणीच हलत नाहीये. केयूर सकाळपासून हातात पाना घेऊन बसलाय, बिचारा लाल झालाय उन्हाने."

तेवढ्यात पडद्यावर पलीकडे जाळं विणत बसलेला एक म्हातारा उठून आला. केयूरने फोनमधल्या भाषांतराच्या आधाराने त्याला काहीतरी विचारलं. म्हाताऱ्याने पाण्याकडे पाहिलं, दोऱ्यांकडे पाहिलं, आणि तो असा हसायला लागला की त्याला धक्क्याचा खांब धरावा लागला. त्याने चार बोटं आडवी धरून दाखवली.

"बाबा," केयूर फार आदबीने म्हणाला, "ते म्हणतायत, इथे समुद्र इतकाच वरखाली होतो. चार बोटं. इथलं पाणी कुठे जात नाही."

पेडणेकरांनी वारा बघितला होता, तळ बघितला होता, फेऱ्यांच्या वेळा पाठ केल्या होत्या. पण समुद्र म्हटल्यावर त्याला ओहोटी असते का, हे कोण बघतं? वर्सोव्याचं सगळं गाव भरती-ओहोटीवर उठतं आणि झोपतं. ज्या समुद्राला ती नाही, त्याला समुद्र म्हणायचं तरी कसं?

फोनमधून हसण्याचा आवाज येत होता. म्हातारा हसत होता, जान्हवी हसत होती, आणि सगळ्यांत वरचा आवाज शेवंतीचा. वनमालाताई तर पलंगाच्या पायाशी बसल्याच. मग त्यांचं लक्ष भावाच्या मानेकडे गेलं.

"मानेपर्यंत लाल झालंस रे," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"शेवंती," पेडणेकर म्हणाले, "तू उतर."

"काय?"

"फेरी पकड, मोठ्या गावात जा. जान्हवीला सोबत ने. हॉटेलात राहा. ज्याची मला सगळ्यात जास्त खात्री होती, तेच चुकलं. बाकीचं पण नशिबाने जमलं असेल. तुला त्रास नको."

हसणं थांबलं. शेवंतीने फोन तोंडाजवळ आणला, आवाज एकदम जवळून आला.

"उतरायचं की नाही ते मी ठरवणार. अट माझी होती, तुमची नव्हती."

म्हाताऱ्याने आपल्या मचव्याने त्यांची बोट ओढत यार्डात नेली. तिथे दोन रुंद पट्ट्यांच्या झोळीत घालून ती वर उचलली. पंख्याला जुन्या नायलॉनच्या जाळ्याचा हा एवढा गुंता बसला होता. तो चहा उकळेपर्यंत निघाला, पण बोट परत पाण्यात सोडणारा माणूस तोवर घरी गेला होता. तो सकाळी येणार. म्हणून त्या रात्री बोट जमिनीवरच, टेकू लावून उभी. जान्हवीने फोटो पाठवले. आजूबाजूला तशाच दहा-बारा बोटी, त्यांच्या कठड्यांवर वाळत घातलेले टॉवेल, एका बोटीवरच्या बाईने आणून दिलेले टोमॅटो, आणि पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला खोचून शिडी चढणारी शेवंती.

"जमिनीवरच ठेवायची तर बोट कित्याक घेतली?" वनमालाताई म्हणाल्या.

पेडणेकरांना मात्र बरं वाटलं. आज तरी शेवंतीला काही होणार नाही. जमीन हलत नाही, एवढं त्यांना नक्की माहीत होतं.

सकाळी शेवंतीचा आवाज जड होता.

"झोप झाली नाही," ती म्हणाली.

"उकडलं का? डास होते?"

"नाही हो. हलतच नव्हती."

"कोण?"

"बोट. मी पडले आणि वाट बघत बसले. रोज ती कशी हळूच एकदा इकडे जाते, मग जरा थांबते, मग तिकडे. कुठेतरी एक दोरी कुरकुरते. कालचं म्हणजे, काय सांगू, ओट्यावर झोपल्यासारखं. या कुशीवरून त्या कुशीवर. शेवटी उठून त्या टोमॅटोवाल्या बाईकडे बसले. ती पण जागीच. तिलाही म्हणे यार्डात झोप येत नाही."

पेडणेकरांनी टॅबलेटचा आवाज वाढवला.

"आहात ना?"

"आहे."

"आज जरा हलणारी जागा बघा."

"किती हलणारी?"

"आता ते कसं सांगू? थोडी. ढवळेल इतकी नको."

पेडणेकरांनी टॅबलेट जवळ ओढला. इतके दिवस त्यांनी जागा शोधल्या त्या बोट हलू नये म्हणून. थोडी हलणारी जागा कुठल्याच नकाशात लिहिलेली नव्हती. थोडी म्हणजे किती, हे त्यांच्या पाठीला कळायचं, वर्सोव्याला होडीच्या फळीवर आडवं पडल्यावर. ते दुसऱ्याला कधी सांगावं लागलं नव्हतं. दुपारपर्यंत त्यांनी दोन खाड्या बाजूला काढल्या आणि फोन केला.

"दोन आहेत. एकीत संध्याकाळच्या फेरीची लाट शिरते, पण एकदाच. दुसरी तोंडाशी उघडी आहे, तिथे वारा पडल्यावरही थोडं पाणी हलत राहील. मला इथून सांगता येत नाही. तूच बघ."

"आणि चुकलं तर?"

"चुकलं तर नांगर उचलायचा आणि दुसरीकडे जायचं. आम्ही तरी काय करतो?"

दिवेलागण झाली तरी फोन आला नाही. वनमालाताईंनी पेज भरवली. पेडणेकरांनी दोनदा टॅबलेट चालू आहे ना बघितला. तिसऱ्यांदा हात गेला तेव्हा वनमालाताईंनी तो ओढूनच घेतला आणि जान्हवीला फोन लावून परत पाटावर ठेवला.

"बाबा, थांब, आई नांगर टाकतेय," जान्हवी म्हणाली आणि फोन तसाच कुठेतरी ठेवून गेली. पडद्यावर नुसतं आभाळ आणि डोलकाठीचं टोक. टोक अगदी सावकाश एका बाजूला जात होतं, परत येत होतं.

"केयूर, इथे नको रे!" शेवंतीचा आवाज. "तो जनरेटरवाला बघ शेजारी, रात्रभर घरघर करेल. पुढे घे. अजून. अरे अजून घे, घाबरतोस काय? आता थांब. इथे बघू दे मला जरा... हां. सोड."

साखळी खडखडत खाली जाऊ लागली.

"विचार की तिका, खंय थांबले ते," वनमालाताई म्हणाल्या.

"नको," पेडणेकर म्हणाले. "कामात आहे ती."