लंकाबाईंची सुई आणि नवनाथचं मशीन

पंचवटीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक दवाखाना आहे. तिथं सव्वीस वर्षं इंजेक्शन द्यायचं काम लंकाबाई करतात. मूळच्या दिंडोरीकडच्या. मनानं चांगल्या, पण सुई टोचायच्या ती गोणीत दाभण खुपसल्यासारखी. गल्लीत त्यांच्या इंजेक्शनला ‘लंकादहन’ म्हणत, कारण आग मागच्या बाजूला लागायची. बाईंना हे ठाऊक होतं. “दुखलं म्हंजे औषध लागलं,” असं त्या ठणकावून सांगत.

गेल्या उन्हाळ्यात गल्लीतल्या श्रीरंग गुरुजींना कुत्रं चावलं. गुरुजी त्र्यंबकेश्वरला लोकांचे ग्रह शांत करतात. शनी, राहू, केतू सगळे त्यांच्या शब्दात. कुत्र्याशी मात्र बोलणं झालेलं नसावं. पोटरीवर ओरखडे उठले, रक्त आलं नाही, पण डॉक्टरांनी महिन्याभरात पाच सुया सांगितल्या. पहिली दंडात गेली तेव्हा गुरुजींनी अशी आरोळी ठोकली, की बाहेर बसलेले दोन पेशंट आपोआप बरे होऊन घरी गेले.

तीन दिवसांनी दुसरी सुई. गुरुजींचा पत्ता नाही, फोन बंद. बाई चिडल्या. “ही काय चेष्टा हाय? त्या रोगानं माणूस हातचा जातो!” असं म्हणत त्या शोधायलाच निघाल्या.

लांब जावं लागलं नाही. गुरुजी समोरच्या नवनाथच्या सलूनमध्ये अर्धी दाढी तशीच ठेवून डोळे मिटून बसले होते. नवनाथनं मालिशचं मशीन हाताच्या पंजावर बांधलं होतं आणि तो गुरुजींच्या खांद्यावर घुर्र फिरवत होता. बाईंनी रागारागात गुरुजींच्या दंडाला चांगला चिमटा काढला. गुरुजी हूं की चूं नाही.

“ओ गुरुजी!”

गुरुजींनी डोळे उघडले आणि भूत पाहिल्यासारखे दचकले. “बाई, तुम्ही कधी आलात?”

“चिमटा काढला मी. कळला नाय?”

“कुठे?”

बाईंनी दंडावरचा लाल डाग पाहिला. मग मशीन पाहिलं. “नवनाथ, हे बॅटरीवर चालतं ना? चल दवाखान्यात.”

“गिऱ्हाईक अर्धवट आहे, मावशी.”

“त्यालाच घेऊन चाललीय.”

अशी वरात रस्ता ओलांडून आली. पुढं बाई, मधे अर्ध्या गालाला साबण लावलेले गुरुजी, मागं घुरघुरणारा नवनाथ. गुरुजी खुर्चीत बसले आणि त्यांनी स्तोत्र सुरू केलं. बाईंनी दंड पुसला, नवनाथला मशीन वर खांद्याजवळ दाबून धरायला लावलं, जरा वेळ जाऊ दिला.

“आता उगाच ताटकळत ठेवू नका,” गुरुजी म्हणाले. “द्यायची ती देऊन टाका.”

“दिली की.”

गुरुजींचा विश्वास बसेना. त्यांनी रिकामी सिरिंज हातात घेऊन उजेडात फिरवून बघितली.

डॉक्टर हसले. म्हणाले, “कातडीची थरथर मेंदूकडं आधी पोचते. तिच्या गर्दीत सुईची बातमी अडकते, आपल्या भाजी बाजारात रिक्षा अडकते तशी. हे डॉक्टर लोकांना माहीत आहे.”

“मग सव्वीस वर्षांत मला का नाय सांगितलं?” बाई म्हणाल्या. डॉक्टरांना तेवढ्यात महत्त्वाचा फोन आला.

इकडे गुरुजींनी गल्लीभर सांगितलं, की स्तोत्राच्या बळावर दंड बधिर केला. बाईंच्या कानावर ते आलं. तिसऱ्या सुईला त्यांनी मशीन बाजूला ठेवलं. “आज बॅटरी नको वाया घालवायला. तुमचं स्तोत्रच म्हणा.”

गुरुजींनी पहिली ओळ म्हटली. दुसऱ्या ओळीला सुई दिसली. “मशीन लावा हो बाई! तुमच्या पाया पडतो!” बाहेरच्या बाकावरची सगळी हसली. बाईंनी मशीन लावलं. पुढच्या दोन्ही सुयांना गुरुजी न बोलावता आले.

दवाखान्यानं आता स्वतःचं मशीन घेतलंय. सगळ्यांना ते मानवत नाही. सटाण्याच्या एका आजींनी “सुई परवडली, घुर्र नको” म्हणून हात झटकला. छोटी वेदिका आवाजालाच घाबरून रडली. मग तिला आधी मशीन हातात धरायला दिलं, तेव्हा कुठं तिनं दंड पुढं केला. बरेच जण मात्र चूपचाप टोचून घेऊन जातात.

बाईंना याचा आनंद व्हायला हवा होता. पण एकदा दुपारी, दवाखाना रिकामा असताना, त्या मशीन पुसता पुसता म्हणाल्या, “लोकं ओरडायची तर वाटायचं, नाटकं करत्यात. खरंच दुखत व्हतं हो त्यांना.”

समोरून गप्पा मारायला आलेला नवनाथ म्हणाला, “मला पण लय दुखलं होतं, मावशी. टायफॉइडच्या वेळी.”

“मग बोलला का नाय?”

“तुम्हाला कोण बोलणार?”

हल्ली बाई सुई काढली की पेशंटच्या तोंडाकडं बघत उभ्या राहतात आणि विचारतात, “दुखलं का? खरं सांग.” “नाही” म्हटलं तरी पुन्हा एकदा विचारतात.