मधुभाऊंनी सोडलेला ढग

श्री. मधुकरराव सरमळकर यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात माझेही चार शब्द असावेत, असा मंडळींनी आग्रह धरला. मी म्हटलं, बाबांनो, मला लिहिता येत नाही, वाचताही येत नाही. ते म्हणाले, तुम्ही बोला, नात लिहील. तेव्हा यातलं बोलणं माझं आणि अक्षर सुनंदाचं. कुठे फारच शुद्ध वाटलं तर तो तिचा शहाणपणा समजावा.

मधुभाऊंची आमची ओळख भांडणातून झाली. वाशीत तेव्हा नुकत्याच इमारती उठू लागल्या होत्या. मधुभाऊ मुंबईतली भाड्याची खोली सोडून तिथल्या एका नव्या ब्लॉकात राहायला आले होते. नोकरी कचेरीत नकाशे काढण्याची आणि सुट्टीच्या दिवशी गळ्यात कॅमेरा. एका रविवारी सायकल हाणत ते आमच्या गावात, बोनकोड्यात आले आणि आमच्या भट्टीच्या दारात उभे राहिले. आमचे हे, म्हणजे सुनंदाचे आजोबा, गावचे लोहार. सगळे त्यांना मेस्त्री म्हणत. भाता ओढायला मी. त्या वेळी काम आटपून आम्ही चहा पीत बसलो होतो.

मधुभाऊ म्हणाले, "मेस्त्री, हातोडा उचलून ऐरणीवर एक घाव घाला ना. फोटो काढतो."

"घाव कशावर घालू?" यांनी विचारलं.

"कशावर नाही, नुसताच."

यांनी कप खाली ठेवला. "भाऊ, रिकाम्या ऐरनीवर घाव घालत नाय आमी. तिला लागतं. काम निघंल तवा या."

दुसरा कुणी असता तर तोंड वाकडं करून गेला असता. मधुभाऊ दाराशी उकिडवे बसले, थेट संध्याकाळपर्यंत. शेवटी एका बांधकामावरून पहारींना टोक काढायचं काम आलं, भट्टी पुन्हा पेटली आणि त्यांना फोटो मिळाला. जाताना ऐरणीला हात लावून नमस्कार करून गेले. हे म्हणाले, "येडा हाय, पन बरा हाय." यांच्या तोंडून याहून मोठी स्तुती मी माझी स्वतःचीही कधी ऐकली नाही.

त्यानंतर मधुभाऊ आमच्याकडे वर्षानुवर्षे येत राहिले. गावात भाताचे विळे होते, करावे गावच्या होडीवाल्यांचे नांगर होते, पुढे शेतं गेली तशी बांधकामाच्या छिन्न्या आणि पहारी आल्या. ते सगळं त्यांनी टिपलं. त्यांची एक शिस्त होती. कुणाला "जरा असं वळा, जरा थांबा" म्हणून अडवायचं नाही. काम चालू असेल तसं चालू द्यायचं आणि आपण वाट बघायची. ठिणग्या उडून त्यांच्या शर्टाला भोकं पडत. शालिनीताई, त्यांच्या पत्नी, मला म्हणाल्या होत्या, "वहिनी, यांचे शर्ट मी आता तुमच्या भट्टीसाठी वेगळेच ठेवलेत. चाळण करून आणतात."

दुसरा नाद ढगांचा. दसऱ्याच्या सुमाराला, पाऊस परतताना, दुपारी पारसिकच्या डोंगरामागून पांढरे ढग चढतात. त्यातला एखादा वर जाऊन आडवा पसरतो. माथा सपाट, खाली कंबर बारीक, एका बाजूला टोक निघालेलं. हुबेहूब ऐरण. मधुभाऊ सांगत, की जाणकार लोकसुद्धा त्याला ऐरणीचा ढग म्हणतात. आमच्या भट्टीत येऊन येऊन त्यांना तो आवडायला लागला असावा. पण पुरता ढग काही मिळेना. कधी टोक विरघळून जाई, कधी मध्ये इमारत येई. सोसायटीच्या गच्चीवर त्यांची ठरलेली जागा होती. एकदा त्यांच्यासमोर वाळत घातलेले सगळ्या मजल्यांचे कपडे चिंब भिजले आणि हे गृहस्थ ढगाकडे कॅमेरा लावून उभे. शालिनीताईंनी त्या संध्याकाळी किती घरांत जाऊन माफी मागितली ते त्यांनाच विचारा.

मग वाशीतल्या एका हॉलमध्ये त्यांच्या फोटोंचं प्रदर्शन लागलं. मी ठेवणीतलं लुगडं नेसून गेले. भिंतीभर आमची भट्टी. यांचे हात, यांची पाठ, यांच्या दंडावरच्या शिरा, सांडशीतलं लाल लोखंड. एका फोटोत तर माझा पदरही होता, मी नव्हते. एका बाजूला सगळे ढग. मी दोनदा फिरून आले आणि मधुभाऊंना गाठलं.

"मधुभाऊ, माझा नवरा कुठाय?"

"वहिनी, हे सगळे मेस्त्रीच की."

"हातांशी लग्न नव्हतं लावलं मी. तोंड कुठाय?"

मधुभाऊ पुन्हा एकेक फोटो बघत गेले. एवढ्या वर्षांच्या फोटोंत यांचा चेहरा नव्हताच. दोष कुणाचाच नव्हता. लोखंड तापलं की लोहार मान वर करत नाही, आणि लोखंड थंड असताना फोटो काढायचा नाही हे तर दोघांचं पहिल्या दिवशीच ठरलं होतं.

मी हे हसत बोलले खरी, पण मला तो फोटो हवा होता. आमच्या लग्नात फोटो निघाला नव्हता. यांची छाती धुरानं भरली होती, रात्र खोकण्यात जाई. डॉक्टरांनी भट्टी बंद करा म्हणून सांगितलं होतं. येत्या खंडेनवमीला हत्यारांची पूजा करायची आणि पुन्हा विस्तव घालायचा नाही, असं घरात ठरलं. त्याआधी भट्टीच्या दारातला, लोहार असतानाचा यांचा चेहरा मला ठेवायचा होता. यांना म्हटलं, चला स्टुडिओत. म्हणाले, "स्टुडिओत बसाया मी काय नवरदेव हाय?"

मधुभाऊंनी मला शब्द दिला नाही, पण त्यांचं येणं वाढलं. रजा टाकून येत. हे मान वर करतील म्हणून तासन्‌तास दाराशी बसत. हे मुद्दाम मान आणखी खाली घालत आणि गालात हसत, ते मला भात्यापासून दिसे.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी शेवटचं काम होतं माझ्या विळीचं पातं. मधुभाऊ सकाळपासून हजर. यांनी पातं घडवलं, पाण्यात घातलं. वाफ निघून गेली आणि भट्टीत एकदम शांत झालं. मी भात्यावरचा हात काढला.

मधुभाऊ डोळे पुसायला बाहेर गेले आणि लगेच त्यांची हाक आली. "मेस्त्री, जरा बाहेर या. लवकर."

विस्तव पेटलेला असताना हे कधी कुणाच्या हाकेला बाहेर गेले नव्हते. आता आत अडवणारं काही उरलं नव्हतं. हात पुसत हे दारात आले, मागून मी. डोंगरावर ढग उभा होता. सपाट माथा, बारीक कंबर, टोक अगदी धारदार. मध्ये काही नाही. मधुभाऊंनी कॅमेरा डोळ्याला लावलेला.

यांनी मान वर केली. बघत राहिले. मग म्हणाले, "ही तर माझीच ऐरन. वर कोनी नेली?" आणि हसले.

मधुभाऊ वळले. ढगाकडे पाठ करून त्यांनी यांचा फोटो काढला. मग कॅमेरा गळ्यात सोडला आणि नुसत्या डोळ्यांनी ढग बघत उभे राहिले.

मी म्हटलं, "अहो, आता ढग काढा की."

"बघतोय ना, वहिनी."

ढग पसरला, विरला. शालिनीताईंनी पुढे मला सांगितलं, की रोलमध्ये तेवढा एकच फोटो उरला होता. मी मधुभाऊंना विचारलं, इतकी वर्षं ज्याची वाट बघितली तो कसा सोडवला हो? ते म्हणाले, "ढग परत येईल. मेस्त्री पुन्हा वर बघतील याचा काही भरवसा नव्हता."

हे जाऊन आता दोन पावसाळे झाले. तो फोटो आमच्या भिंतीवर आहे. हे वर बघतायत, हसतायत. घरात येणारा माणूस फोटोकडे बघतो आणि मग आमच्या छताकडे बघतो. मी कुणाला काही सांगत नाही, बघू देते.

मधुभाऊंना तसा ढग अजून मिळालेला नाही. म्हणून दसऱ्याच्या दिवसांत मी दुपारी अंगणात डोंगराकडे तोंड करून बसते. दिसला की समोरच्या दुकानातून फोन लावायचा, नंबर सुनंदानं दुकानदाराकडे देऊन ठेवला आहे. मी त्यांच्याहून वयानं मोठी, तेव्हा आशीर्वादाचा अधिकार माझा. मधुभाऊंचे डोळे असेच राहोत, गच्चीचा जिना चढायला गुडघे साथ देवोत आणि शालिनीताईंचा राग लवकर निवत राहो. त्या ढगाचा फोटो काढल्याशिवाय मधुभाऊ काही कुठे जायचे नाहीत, एवढं मी त्यांना ओळखते. म्हणून रोज अंगणात बसले की डोंगराकडे बघून एवढंच म्हणते, ये बाबा, पण सावकाश ये. आम्हाला घाई नाही.