पान एकशे बारावरचा रुसवा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. मालतीबाईंनी मराठीत आणलेल्या बंगाली कादंबरीत एकशे बाराव्या पानावर जी चूक छापली गेली, ती त्यांची नव्हती. माझी होती.

बाईंना जाऊन आता सहा आठवडे होतील. त्यांच्या भाचीचा, अनघाचा, फोन आला तेव्हा मी मार्केट यार्डात कांदे-बटाटे घेत होतो. “काका, मावशी गेली. सकाळी. गॅसवर चहा ठेवला होता तिने…” मी ‘बरं’ म्हणालो. एवढंच. मग बटाटे वजन करून घेतले, पिशवी उचलली आणि रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की कुठे जायचं ते मी रिक्षावाल्याला सांगितलेलंच नाही.

बाईंची सगळी नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात झाली. इंग्रजी परिपत्रकं, सूचना, नियम मराठीत आणायचे, हेच तीस वर्षं. बंगाली शिकल्या त्या तिथल्या क्वार्टर्समध्ये, शेजारच्या बंगाली घरातून, आधी मोहरीतल्या माशाची कृती विचारता विचारता आणि मग त्यांच्याकडचे दिवाळी अंकासारखे जाडजूड अंक वाचता वाचता. निवृत्तीनंतर कर्वेनगरला दोन खोल्यांत आल्या आणि रोज सकाळी नऊ ते एक जेवणाच्या टेबलाशी बसून अनुवाद करू लागल्या. लिहायच्या पाठकोऱ्या कागदांवर. कारखान्यातून रद्दी म्हणून मिळालेले गठ्ठे त्यांना आयुष्यभर पुरले. त्यामुळे पानाच्या एका बाजूला ‘काडेपेटी फाटकापाशी जमा करावी’ आणि दुसऱ्या बाजूला पुरात अर्धं बुडालेलं बंगालमधलं एखादं गाव. वाक्य लिहिलं की मोठ्याने म्हणायच्या. तोंडात बसलं नाही तर उठून भाजी ढवळून यायच्या आणि पुन्हा म्हणायच्या.

मी एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितशोधक होतो. पहिल्यांदा प्रुफं घेऊन गेलो तेव्हा त्यांनी दारातच चार पानं चाळली आणि म्हणाल्या, “अहो, स्वल्पविराम मिठासारखे टाकताय. जरा चव बघून टाकत जा.” मग आत बोलावून चहा दिला. त्या शनिवारी संध्याकाळी त्या एक जुना बंगाली चित्रपट लावणार होत्या. बघायचा असला तर थांबा, नसला तर जाताना दार ओढून घ्या, म्हणाल्या. मी थांबलो, आणि पुढे बारा वर्षं शनिवारी सहा वाजता थांबत राहिलो.

त्यांच्या टीव्हीच्या खालच्या कडेला जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याची पट्टी चिकटवलेली असे, चित्रपटातल्या संवादांच्या इंग्रजी ओळी झाकायला. त्या दिसल्या की कान झोपतात, असं त्यांचं म्हणणं. मी मान उंच करून पट्टीमागचं वाचू पाहिलं की न बघता म्हणायच्या, “डोकावू नका. कानाने बघा.” अवघड वाक्य आलं की चित्रपट थांबवून ते मराठीत म्हणायच्या, मला नव्हे, स्वतःला. अशा शनिवारांनी मला थोडं बंगाली आलं, लिपीही आली. थोडं आलं, तेच नडलं.

ती कादंबरी त्यांनी तीन वर्षं खपून केली होती. प्रुफं तपासून परत पाठवली, काम संपलं. छपाईला जाण्याआधी मी शेवटची नजर टाकत होतो, आणि शेजारी मूळ पुस्तक उघडं होतं. बाईंनी लिहिलं होतं : ‘तिच्या मौनात रुसवा होता.’ मूळ ओळीत मला ‘अभिमान’ हा शब्द दिसला, आणि बाईंची चूक सापडली या आनंदात मी ‘रुसवा’ खोडून ‘अभिमान’ केला. त्यांना विचारलं नाही. बंगालीतला तो अभिमान, त्यांच्या उच्चारातला ‘ओभिमान’, म्हणजे आपल्याकडचा गर्व नव्हेच, हे मला नंतर कळलं. एका शब्दाने कादंबरीतली ती दुखावलेली बाई गर्विष्ठ झाली होती. एका परीक्षणात नेमकं तेच वाक्य उचलून लिहिलं होतं की अनुवादिकेला बंगालीची पहिली पायरीही चढता आलेली नाही.

बाईंनी फोन केला. आवाज नेहमीचा. “माझी हस्तलिखित पानं तुमच्याकडे असतील ना? मी काय लिहिलं होतं ते एकदा बघायचं आहे.”

ती पानं माझ्या खणात होती. त्याच महिन्यात मला संपादक करण्याचं घाटत होतं. मी म्हणालो, “रद्दीत गेली हो, बाई.”

“असू दे,” त्या म्हणाल्या. “माझ्याच हातून गेलं असणार.”

पुढची कादंबरी त्यांनी नाकारली. कान आता पहिल्यासारखा राहिला नाही, एवढंच कारण दिलं. मग मिक्सरची माहितीपत्रकं, विम्याचे अर्ज असलं काय काय करत राहिल्या. शनिवार मात्र चालू राहिले. चित्रपटात तो शब्द आला की त्या थांबवायच्या आणि एकेक मराठी शब्द लावून बघायच्या… रुसवा, रोष, अबोला, मन दुखणं. मी चिवड्यातले शेंगदाणे वेचत बसायचो. सहा वर्षं हे चाललं. सांगायला दर शनिवारी तीन तास होते.

शेवटच्या शनिवारी पडद्यावर एक बाई खिडकीशी पाठ करून उभी होती. बाईंनी चित्रपट थांबवला. “ही चिडलेली नाही,” त्या म्हणाल्या. “आपल्या माणसाने आपणहून येऊन विचारावं, म्हणून थांबली आहे. याला मराठीत काय म्हणाल?”

मी म्हणालो, “चहा गार होतोय तुमचा.”

त्यांना माझ्यावर संशय होता का, मला माहीत नाही. तेराव्यानंतर अनघाने बोलावलं, पुस्तकांतलं काही हवं असलं तर घेऊन जा म्हणाली. टीव्हीला पट्टी तशीच होती, एका कोपऱ्यात सुटलेली. मी ती अंगठ्याने दाबून बसवली आणि बाईंची स्वतःची प्रत घेतली. एकशे बारावं पान आपोआप उघडलं. ‘अभिमान’खाली पेन्सिलीची बारीक रेघ आहे, आणि समासात त्यांच्या अक्षरात एकच शब्द : ‘मी?’

पाठकोरं पान अजून माझ्याकडे आहे. एका बाजूला काडेपेटीची सूचना, दुसऱ्या बाजूला स्वच्छ अक्षरात ‘रुसवा’. कादंबरीची दुसरी आवृत्ती निघणार नाही, म्हणून हे इथे लिहितो आहे. हे वाचून चारचौघांना खरं काय ते कळेल, पण समासातला प्रश्न चारचौघांनी विचारलेला नव्हता. तो विचारणाऱ्या बाईंना मी एक उत्तर देणं लागतो : नाही, तुम्ही नाही. मी.