फोटो पाहूनच घ्या

आमच्या उस्मानपुऱ्यातल्या मंजनवाल्या काकांना हसू आलं, की ते तोंडावर रुमाल धरत. दात किडले होते म्हणून नव्हे. त्यांचे दात म्हणजे त्यांच्याच दंतमंजनाची जाहिरात. पण पुडीवरच्या फोटोत ते गंभीर होते आणि खाली छापलं होतं, ‘फोटो पाहूनच घ्या’. नजर अधू झाली तरी फोटोत नाही म्हणून चष्मा लावला नाही. औरंगपुऱ्यात एकदा मलाच त्यांनी ‘नमस्कार तहसीलदारसाहेब’ म्हटलं. “तोंड बदललं की धंदा बसला,” हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

वैजापूरच्या बाजारात तशीच लाल पुडी आली. तोच फेटा, तीच झुपकेदार मिशी. माणूस मात्र दुसराच, किंचित हसणारा. त्या मंजनानं हिरड्या सोलून निघालेली एक बाई काकांशी भांडायला आली. काका हबकले. तिला आपली पुडी देऊन मला म्हणाले, “माझ्या तोंडाला काळं फासलं हो, अन् ते बी माझंच तोंड लावून!” त्यांनी पोलिसांत तक्रार दिली.

नेमकी त्याच आठवड्यात त्यांची आई गेली. मिशी ठेवली तर चालेल का, असं त्यांनी हळूच भटजींना विचारलं. “शास्त्रात मंजनाचं काही लिहिलेलं नाही,” भटजी म्हणाले. काका गुमान न्हाव्यापुढं बसले. आईसाठी रडत होते की मिशीसाठी, कुणाला कळलं नाही. बहुधा त्यांनाही नाही.

वैजापूरला जमादारासोबत गेलो, तेव्हा मी साक्षीदार होतो. दुकानदार बेरकी. “साहेब, फोटोत मिशी हाय. ह्यांना कुठंय? असले लई येतात!” जमादारानं काकांची पुडी पाहिली, काकांना पाहिलं आणि मला विचारलं, “हेच का ते?” मी हो म्हणालो खरा, पण त्या गुळगुळीत चेहऱ्याकडे पाहून माझाच आवाज डळमळला. जमादार वैतागून म्हणाला, “मिशी आल्यावर या.”

मिशी आली, ती पांढरीफेक. काका परत गेलेच नाहीत. फोटोचा ठसा त्यांनी भंगारात घातला आणि पुडीवर नुसतं नाव ठेवलं. खप घटला. “माझं तोंड आता माझ्याकडंच राहू द्या,” म्हणाले. हसताना रुमाल मात्र सुटला नाही. मला त्या रुमालाचा फार राग यायचा.

ते गेले, तेव्हा घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. पुतण्यानं बाजारातून फोटोवाली पुडी शोधून आणली आणि तिच्यावरचा फोटो मोठा करून भिंतीवर लावला. हार घालायला उठलेल्या काकू थबकल्या.

“हे आमचे नायत,” त्या म्हणाल्या. “हे तर हसतात.”

आणि त्यांनी तोंडाला पदर लावला. खांदे हलत होते. त्या रडत होत्या की हसत होत्या, मला आजही कळलेलं नाही.