आतेबहिणीला मारलेले चार गोल

मुलींचा संघ बाहेर खेळायला जायचा तर सोबत एक बाई पाहिजे, असा आमच्या शाळेचा दंडक आहे. मी मराठी शिकवते. फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण बाकीच्या बायांचे गुडघे दुखत होते आणि माझे अजून दुखायला लागले नव्हते, म्हणून मला धाडलं.

सृष्टी मला तिथं खरी भेटली. मखमलाबादकडच्या मळ्यातली, झेंडू-शेवंती पिकवणाऱ्या घरची, दहावीतली पोर. वर्गात ती मागच्या बाकावर बसायची आणि निबंध चार ओळींत उरकायची. मैदानावर मात्र तिच्या अंगात काय संचारायचं कोण जाणे! चेंडू तिच्या पायाशी आला की मीसुद्धा पर्स बाजूला टाकून उभी राहायचे.

आंतरशालेय स्पर्धेत सगळ्यात जास्त गोल करणाऱ्या तिघींना विभागाच्या शिबिराला बोलावतात. तिथून मुलींना निवासी प्रशिक्षण केंद्रात जाता येतं. राहणं, शिकणं, खेळणं, सगळं तिथंच. सृष्टीला फक्त तेवढंच हवं होतं. तिचे वडील नवनाथ मला म्हणाले, "नाव लागलं तर मी सोता सोडायला जाईन मॅडम. नाय लागलं तर मंग मळा हायेच." मला रागच आला. पण माणूस शब्दाचा पक्का होता.

पहिली मॅच सायखेड्याच्या शाळेशी झाली. त्यांची गोलकीपर आरोही ही सृष्टीची सख्खी आतेबहीण, तिच्याहून एका वर्षानं लहान. सृष्टीनं तिला चार गोल मारले. मॅच संपल्यावर आरोही तिच्या पाठीत धपाटा घालून म्हणाली, "घरच्याच माणसाला मारती व्हय गं? लाज नाय वाटत?" मग दोघी एकाच बाटलीतलं पाणी प्यायल्या.

दुसरी मॅच निफाडच्या मुलींशी होती. त्या आल्याच नाहीत. द्राक्षबागांची छाटणी सुरू झाली होती आणि घरोघरच्या पोरी बागेत अडकल्या होत्या. पंचांनी घड्याळ बघितलं, शिट्टी फुंकली आणि आम्ही तीन-शून्यनं जिंकलो. मी खुळ्यासारख्या टाळ्या वाजवल्या. सृष्टी बुटांच्या नाड्या सोडत होती. "मॅडम, हे तीन गोल कुणाच्या नावावर?" तिनं विचारलं. कुणाच्याच नाही, संघाच्या नावावर, असं पंचांनी सांगितलं. तिनं मान हलवली आणि बूट पिशवीत टाकले.

तिसरी मॅच सिन्नरच्या मुलींशी, ती नेमकी दसऱ्याच्या तोंडावर आली. झेंडूवाल्यांच्या घरात त्या दिवसांत आजारी पडायलाही परवानगी नसते. सगळं घर तोडणीला लागतं. पण नवनाथांनी सायखेड्याला बहिणीला फोन केला, "लता, यंदा सृष्टीला फुलाला लावायची नाय. तिची मॅच हाय. तू पोरी घेऊन ये." त्यांच्यात सावड चालते. सायखेड्याला कांद्याची लागवड निघाली की हे जातात, इकडं झेंडू आला की ते येतात. लताआत्या पिकअप भरून पोरी घेऊन आली. आरोही आणि तिच्या मैत्रिणी.

त्या मैत्रिणी म्हणजेच सायखेड्याचा संघ. तोडणीच्या त्या दोन दिवसांत त्यांच्याही दोन मॅच होत्या. पण त्या आधीच हरत आल्या होत्या. आरोहीनं सगळ्यांना पटवलं, "आपलं काय नाय व्हणार. सृष्टीचं व्हईल. चला फुलं तोडू."

सृष्टी सिन्नरविरुद्ध जिवाच्या आकांतानं खेळली. तिनं दोन गोल केले. घरी परतली तेव्हा मळ्यात पिवळ्या हातांच्या पोरींनी तिला उचलून घेतलं.

यादी लागली ती दिवाळीच्या आधी. सृष्टीच्या नावापुढं दोनच गोल होते; सहा धरले असते तर ती पहिल्या तिघींत बसत होती. मी तिला घेऊन तडक स्पर्धा समितीच्या गृहस्थांपुढं उभी राहिले. ते थंडपणे म्हणाले, "सायखेड्याचा संघ दोनदा गैरहजर राहिला, म्हणून स्पर्धेतून बाद झाला. बाद झालेल्या संघाच्या सगळ्या मॅच रद्द होतात."

"अहो, ती मॅच झालीय! मी बघितलीय!"

"झाली मॅडम. पण धरत नाहीत."

"आणि निफाडचे तीन?"

"ते संघाचे. मारलेच नाहीत तर नाव कुणाचं लावू?"

म्हणजे न मारलेले गोल गुणतक्त्यात बसले आणि मारलेले पुसले गेले. मी खूप भांडले. मराठीच्या बाईला जेवढे शब्द येतात तेवढे सगळे वापरले. काही उपयोग झाला नाही.

बाहेर आल्यावर सृष्टी म्हणाली, "सायखेड्याच्या पोरी का नाही आल्या ते मला माहितेय मॅडम." मग तिनं सगळं सांगितलं. मला रडू फुटलं. ती रडली नाही. "घरी सांगू नका. आत्याला कळलं तर ती जेवायची नाही." घरी तिनं सांगितलं, "मी कमी पडले." नवनाथ म्हणाले, "बरं. खेळली ना मनापासून? झालं." आणि त्यांनी शब्द पाळला. अकरावीला तिचं नाव घातलंय, पण ती असते मळ्यातच. शाळेच्या स्पर्धेत खेळायचं तिचं वयही आता संपलं. बूट तिनं आरोहीला देऊन टाकले.

यंदा दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी तोरणाला फुलं आणायला मळ्यात गेले. सायखेड्याची पिकअप बांधाला उभी होती. लताआत्यानं ओंजळभर झेंडू माझ्या पिशवीत टाकला आणि म्हणाली, "मागल्या साली आमी व्हतो म्हून खेळली तरी बिचारी. तिच्या नशिबातच नव्हतं, त्याला कोण काय करणार?" मी मान खाली घालून फुलं बघत राहिले.

तेवढ्यात सृष्टीनं आरोहीच्या हातातली फुलांची पाटी काढून घेतली. "दुपारी तुझी मॅच आहे ना? पप्पा गाडीवर सोडतात. जा."

"राहू दे गं, लय फुलं पडलीत."

"तुझी ओळ मी तोडते. तू जा."

"एक मॅच सोडली तर काय व्हतंय?" आरोही हसत म्हणाली. "मागल्या साली दोन सोडल्या व्हत्या. काय बिघडलं?"

सृष्टीनं पाटी कमरेला लावली.

"काही नाही," ती म्हणाली. "फुलं वेळेवर गेली."